सुताराची मुलगी आणि दगडातले प्राणी

देवघरातला शाळिग्राम न पाहिलेला माणूस आपल्याकडे विरळा. नेपाळातील गंडकी नदीच्या पात्रातून आलेला तो काळा, गुळगुळीत दगड. त्याच्या पोटात चक्र असते म्हणून आपण त्याला विष्णूचे रूप मानतो. भूशास्त्राच्या दृष्टीने ते चक्र म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या एका प्राण्याचे शंखासारखे घर होय. त्या प्राण्याला अ‍ॅमोनाइट म्हणतात. आज जेथे हिमालय उभा आहे तेथे एकेकाळी समुद्र होता, याची ती साक्ष. मात्र पूजेत असल्यामुळे आपण त्याला हात जोडतो, त्याला निरखून पाहत नाही, हा भाग वेगळा.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात लाइम रेजिस नावाचे एक लहान गाव आहे. तेथील समुद्रालगतच्या कड्यांतूनही अ‍ॅमोनाइट निघतात. दोनशे वर्षांपूर्वी तेथील लोक त्यांना सापदगड म्हणत. सापाने वेटोळे घालून बसावे आणि तसेच दगड होऊन जावे, असे ते दिसतात म्हणून. बंदुकीच्या गोळीसारखे लांबट, टोकदार दगड मिळत, ती सैतानाची बोटे. हवापालटासाठी येणाऱ्या धनिकांना असे दगड विकून चार पैसे मिळवणारी माणसे त्या गावात होती. रिचर्ड अ‍ॅनिंग हा गरीब सुतार त्यांपैकीच एक. त्याची मुलगी मेरी ही या लेखाची नायिका. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेली ही मुलगी पुढे अशी निघाली, की विद्यापीठांतील पंडित तिला विचारायला लाइमच्या चिखलात उतरत.

मेरीचा जन्म २१ मे १७९९ रोजी झाला. तिच्या आईला दहाएक मुले झाली. त्यांतील जोसेफ आणि मेरी ही दोनच मोठी झाली. मेरी हे नावसुद्धा तिच्या वाट्याला आले ते आगीत भाजून गेलेल्या थोरल्या बहिणीचे. मेरी सव्वा वर्षाची असताना एक विलक्षण घटना घडली. १९ ऑगस्ट १८०० रोजी गावाबाहेर घोड्यांचे खेळ चालले होते. शेजारची एक बाई मेरीला कडेवर घेऊन पाहायला गेली. वादळ आले, बाया एका झाडाखाली उभ्या राहिल्या आणि झाडावर वीज पडली. तीन बाया जागीच गेल्या. मेरीला उचलून घरी नेले, गरम पाण्यात ठेवले, आणि ती पुन्हा श्वास घेऊ लागली. त्याआधी ही पोर किरकिरी होती, विजेनंतर ती चलाख झाली, असे गावकरी पुढे सांगत. मला यात काही तथ्य वाटत नाही. गरिबाची मुलगी हुशार निघाली म्हणजे त्याला काहीतरी चमत्कार चिकटवावा लागतो, एवढेच.

तिच्या हुशारीचे कारण विजेपेक्षा तिच्या बापात शोधावे. रिचर्ड दोन्ही मुलांना बरोबर घेऊन कड्यांखाली जाई. भरतीची वेळ कशी ओळखायची, दरड कोसळण्याचा रंग कसा दिसतो, कोणता दगड फोडायचा आणि कोणता सोडायचा, हे त्याने त्यांना हातात हातोडी देऊन शिकवले. सुताराच्या घरात हत्यारांना तोटा नव्हता. त्या काळी फ्रान्सशी युद्ध चालू असल्याने इंग्लंडमधील श्रीमंतांना युरोपात फिरायला जाता येत नसे. ते लाइमसारख्या गावी येत. घरासमोर एक टेबल मांडून रिचर्ड त्यांना दगड विकी.

आता हे प्राणी दगडात गेले कसे, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. हे पुस्तकातून मला नीट उमगले नव्हते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सहावीतल्या धाकट्या भावाला घेऊन एक गंमत करून पाहिली, तेव्हा उमगले. काचेची एक रिकामी बरणी घेतली. तिच्यात मूठभर माती, मूठभर वाळू आणि थोडे बारीक खडे टाकले, वर पाणी भरून, झाकण लावून बरणी जोराने हलवली आणि कोनाड्यात ठेवून दिली. खडे लगेच तळाशी बसले. त्यांच्यावर वाळू बसली. माती मात्र रात्रभर खाली उतरत होती. सकाळी बरणीत तीन पट्टे स्वच्छ दिसत होते. मग भावाने आपल्या मनाने नदीवरची एक शिंपी आत टाकली आणि तिच्यावर आणखी माती सोडली. शिंपी गाडली गेली. लाइमचे कडे म्हणजे अशीच एक अवाढव्य बरणी. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी तेथे उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ आणि चिखल आलटून-पालटून साचत गेला, आणि मेलेले प्राणी त्यात गाडले गेले. वरच्या भाराने गाळाचा दगड झाला. पुढे जमीन वर उचलली गेली, आणि आता समुद्रच लाटांनी ते कडे पुन्हा फोडतो आहे. थंडीच्या दिवसांत वादळे झाली की दरडी कोसळतात आणि नवा दगड उघडा पडतो. तो पुढची लाट घेऊन जाण्याआधी गाठला पाहिजे. म्हणून मेरीचा हंगाम थंडीवाऱ्याचा.

माझे वडील विहिरींच्या कामावर जातात. बरणी पाहून ते म्हणाले की यात नवल ते काय, विहिरीतही थरच असतात. आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण; सुरुंगाचे भोक घेताना आवाजावरून त्यांना खालचा थर कळतो. फरक एवढाच की आपल्याकडचे हे थर गाळाचे नव्हेत, लाव्ह्याचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा एकावर एक पसरत गेला आणि दख्खनचे पठार झाले. आगीच्या रसात हाडे आणि शंख कोठून टिकणार? म्हणून आपल्या विहिरीत अ‍ॅमोनाइट सापडत नाही. पण वडिलांना हे थर ठाऊक होते आणि मला, भूगोल विषय घेतलेल्याला, ते त्यांना कधी विचारावेसे वाटले नव्हते, याची त्या दिवशी लाज वाटली.

असो. १८१० साली रिचर्ड अ‍ॅनिंग वारला. तो कड्यावरून पडला होता आणि त्याला क्षयही होता. मागे सुमारे १२० पौंडांचे कर्ज राहिले. मेरी अकरा वर्षांची होती. घराला धर्मादायातून मदत घ्यावी लागली, आणि ती पुढे काही वर्षे चालू होती. जोसेफ गाद्या-गिरद्यांच्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. मेरी किनाऱ्यावर जात राहिली. बाप गेल्यानंतर एका बाईने तिच्या हातातला अ‍ॅमोनाइट अर्धा क्राउन देऊन विकत घेतला, आणि तेव्हापासून तिने हाच धंदा करायचे ठरवले, असे सांगतात.

१८११ साली जोसेफला कड्याखाली एक प्रचंड कवटी दिसली. लांबी जवळजवळ चार फूट, डोळ्याची खोबण बशीएवढी, जबड्यात दातांची रांग. मगर असावी असा सर्वांचा समज झाला. धड कोठे होते? ते दरडीखाली होते. जोसेफला कामामुळे वेळ नव्हता. मेरी मात्र पुढचे वर्षभर त्या जागेवर नजर ठेवून होती. वादळाने दरड सरकली आणि १८१२ साली तिला कड्यात मणके दिसले. मजूर लावून तिने तो सांगाडा काढवून घेतला. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. आपल्याकडे या वयाच्या मुलीला एकटीने तालुक्याच्या गावी पाठवायला घरचे तयार नसतात. गावच्या जमीनदाराने तो प्राणी सुमारे २३ पौंडांना घेतला. त्याच्याकडून तो लंडनच्या एका प्रदर्शनात गेला आणि १८१९ साली ब्रिटिश म्युझियमने ४५ पौंड मोजून तो विकत घेतला. ती मगर नव्हती. मासा नव्हता आणि सरडाही नव्हता. शेवटी त्याचे नाव ठेवले इक्थिओसॉरस, म्हणजे मत्स्य-सरडा. एव्हरार्ड होम नावाच्या विख्यात शल्यवैद्याने १८१४ पासून या प्राण्यावर निबंधामागून निबंध लिहिले. त्यांत अ‍ॅनिंग हे नाव नाही.

हे पुढे वारंवार घडणार होते.

मेरीचे शिक्षण ते काय? अ‍ॅनिंग कुटुंब सरकारमान्य चर्चपासून फुटून निघालेल्या पंथाचे होते. अशा लोकांना त्या काळी इंग्लंडच्या मोठ्या विद्यापीठांत आणि सरकारी जागांवर मज्जाव असे. पण त्यांच्या प्रार्थनामंदिरात दर रविवारी गरीब मुलांना लिहिणे-वाचणे शिकवीत. तेथेच मेरी अक्षरे शिकली. तिच्याजवळ त्या पंथाच्या मासिकाचा एक बांधीव खंड होता आणि तो ती जिवापाड जपे. त्यात त्यांच्या धर्मोपदेशकाचे दोन निबंध होते. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली असे एकात ठासून सांगितले होते, आणि दुसऱ्यात भूशास्त्र या नव्या शास्त्राचा अभ्यास करा असा पंथीयांना आग्रह होता. दोन्ही एकाच खंडात! मुलीने दोन्ही वाचले आणि दुसऱ्याचे ऐकले.

पुस्तके विकत घ्यायला पैसे नव्हते. मग ती शास्त्रीय निबंध कोणाकडून तरी मागून आणी आणि रात्री बसून हाताने उतरून काढी, आकृत्यांसह. एका संशोधकाने तिने केलेली अशी नक्कल पुढे मूळ छापील निबंधाशी ताडून पाहिली. आकृत्या इतक्या हुबेहूब होत्या की मूळ कोणते आणि नक्कल कोणती हे सांगणे कठीण जावे. आपण ग्रंथालयातील पुस्तकाची पाने भराभर मोबाइलमध्ये टिपून घेतो आणि नंतर उघडूनही पाहत नाही, हे आठवून मी गप्प बसलो.

हाडे ओळखायची तर जिवंत प्राण्यांची हाडे कशी असतात हे ठाऊक हवे. त्यासाठी तिने घरच्या टेबलावर मासे आणि माकूळ कापून त्यांची आतली रचना पाहिली. कोकणातल्या मित्रांना माकूळ ठाऊक असेलच. घाबरला की काळी शाई सोडणारा. पूर्वी आजीबाईच्या बटव्यात समुद्रफेस म्हणून जो पांढरा, हलका तुकडा असे तो त्याच्याच जातभाईच्या पाठीतला. तर माकूळ कापताना मेरीला शाईची पिशवी दिसली, आणि तशीच पिशवी तिने सैतानाच्या बोटांजवळ, दगडात पाहिली होती! म्हणजे ती बोटे सैतानाची नव्हेत. माकुळाच्या कोण्या पूर्वजाच्या शरीरातला तो कठीण भाग. त्याला आता बेलेम्नाइट म्हणतात. तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट ही वयाने आणि पैशाने तिच्यापेक्षा मोठी होती. तिने ती वाळून दगड झालेली शाई पाण्यात कालवली आणि तिने जीवाश्मांची चित्रे काढली. वीस कोटी वर्षांपूर्वीची शाई कागदावर उतरली. स्वयंपाकघराच्या टेबलावर याहून मोठा प्रयोग कोणी केला असेल असे मला वाटत नाही.

इक्थिओसॉरसच्या पोटाच्या जागी तिला वेडेवाकडे गोळे सापडत. लोक त्यांना औषधी खडे समजत. मेरीने ते फोडले. आत माशांची हाडे आणि खवले होते. ही अश्मीभूत विष्ठा आहे, हा निष्कर्ष निघाला तो तिच्या या निरीक्षणांतून. १८२९ साली ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड यांनी तो विद्वानांपुढे मांडला आणि त्या गोळ्यांना कॉप्रोलाइट हे नाव दिले. विषय हसण्यासारखा वाटेल. पण नष्ट झालेला प्राणी काय खात होता हे सांगणारा पुरावा दुसरा कोणता? आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा म्हणून गाव आहे. तेथे डायनोसॉरचे असेच गोळे मोठ्या प्रमाणात मिळतात. त्यांत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचे २००५ साली जाहीर झाले, आणि डायनोसॉरच्या काळी गवत नव्हते ही तोवरची समजूत बदलावी लागली. लाइमच्या टेबलावर सुरू झालेली ही वाट पिसदुऱ्यापर्यंत येऊन पोचली आहे.

पैशाची ओढाताण मात्र संपत नव्हती. १८२० च्या सुमारास जवळजवळ वर्षभर एकही मोठा जीवाश्म हाती लागला नाही आणि भाड्यासाठी घरातले सामान विकायची वेळ आली. तेव्हा लेफ्टनंट कर्नल बर्च नावाचे एक गिऱ्हाईक मदतीला धावले. त्यांनी आपला सगळा संग्रह लंडनला लिलावात काढला. त्यातील पुष्कळसा अ‍ॅनिंग कुटुंबाकडूनच घेतलेला होता. आलेले ४०० पौंड त्यांनी त्यांना देऊन टाकले. खरेदी केलेली वस्तू विकून विकणाऱ्यालाच पैसे देणारा गिऱ्हाईक मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

डिसेंबर १८२३ मध्ये मेरीला असा एक सांगाडा सापडला की पॅरिसपर्यंत खळबळ उडाली. नऊ फूट लांबीचा प्राणी, चार वल्ह्यांसारखे पाय, लहानसे डोके आणि मान मात्र सापासारखी लांबच लांब. प्लेसिओसॉरसचा तो पहिला जवळजवळ संपूर्ण सांगाडा. माणसाच्या मानेत सात मणके असतात, जिराफाच्याही सातच. याच्या मानेत तीसहून अधिक! शरीररचनाशास्त्राचे त्या काळचे सर्वांत मोठे आचार्य जॉर्ज कुव्हिए यांना आकृती पाहून संशय आला की कोणीतरी दोन प्राणी जोडून बनवेगिरी केली आहे. हा आरोप टिकला असता तर मेरीचा धंदा त्याच दिवशी बुडाला असता. कोणी पुन्हा तिच्याकडून दगड घेतला नसता. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत वाद झडला, सांगाडा तपासला गेला आणि तो अस्सल ठरला. कुव्हिए यांनी आपली चूक मान्य केली. २० फेब्रुवारी १८२४ रोजी त्या सोसायटीच्या सभेत विल्यम कॉनिबेअर यांनी हा प्राणी जगापुढे मांडला. सभेत मेरी नव्हती. स्त्रियांना तेथे प्रवेशच नव्हता. निबंधातही तिचे नाव नव्हते.

हे अन्यायाचे आहे असे तिला वाटत होते का? वाटत होते. विद्वानांनी आपले डोके चोखून घेतले आणि नाव केले, अशी तिची तक्रार होती, हे तिच्या ओळखीच्या एका तरुणीने नोंदवून ठेवले आहे. पण ती किनाऱ्यावर जायचे थांबली नाही. १८२६ साली तिने पुढे काचेची खिडकी असलेले घर घेतले आणि तेथे जीवाश्मांचे दुकान थाटले. १८२८ साली तिला उडणाऱ्या सरड्याचा, टेरोसॉरचा, सांगाडा मिळाला. जर्मनीबाहेर सापडलेला तो पहिला. यावेळी बकलंड यांनी जाहीर करताना तिचे नाव घेतले, हे त्यांच्या पदरी टाकले पाहिजे. १८३९ साली एका मासिकाला तिने पत्र लिहिले. शार्कच्या एका जीवाश्माला नवा ठरवण्यात आले होते. तसले दात आपण पूर्वीच पाहिले आहेत असे तिने कळवले. तिच्या हयातीत तिचे छापले गेलेले शास्त्रीय लिखाण ते एवढेच.

काम किती धोक्याचे होते, हे तिच्या कुत्र्यावरून कळते. ट्रे नावाचा काळा-पांढरा कुत्रा नेहमी तिच्याबरोबर असे. ती हत्यारे आणायला जाई तेव्हा सापडलेल्या दगडापाशी तो राखण करीत बसे. ऑक्टोबर १८३३ मध्ये तिच्या डोळ्यांसमोर दरड कोसळली आणि ट्रे गाडला गेला. ती स्वतः थोडक्यात बचावली.

येथे लाइममधल्या दुसऱ्या एका मुलाची हकीकत सांगितली पाहिजे. हेन्री दे ला बेश हा मेरीहून तीन वर्षांनी मोठा. सैनिकी शाळेतून बेशिस्तीबद्दल काढून टाकलेला हा श्रीमंत मुलगा किशोरवयात लाइमला राहायला आला, आणि दोघे एकाच किनाऱ्यावर एकाच छंदात रमली. त्याच्या घराण्याचा जमैकात उसाचा मळा होता. तो गुलामांच्या श्रमावर चालत असे. हेन्री तरुणपणीच सोसायटीचा सदस्य झाला. मळ्याचे उत्पन्न घटले तेव्हा त्याने आपला छंदच सरकारच्या गळी उतरवला. देशाचा भूशास्त्रीय नकाशा तयार करण्यासाठी १८३५ साली ब्रिटनमध्ये सरकारी सर्वेक्षण खाते सुरू झाले आणि हेन्री त्याचा पहिला संचालक झाला. दगड पाहण्याचा पगार मिळू लागला! एका किनाऱ्यावरची दोन मुले. एकाला खाते मिळाले, दुसरीला टेबलावरचा धंदा. मैत्रीला मात्र तो जागला. १८३० साली मेरीची परिस्थिती खालावली तेव्हा त्याने तिच्याच जीवाश्मांवरून प्राचीन समुद्राचे एक चित्र काढले. त्यात इक्थिओसॉरस प्लेसिओसॉरसची मान पकडतो आहे. त्याच्या छापील प्रती विकून आलेले पैसे मेरीला दिले.

आपल्याकडील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते १८५१ साली कलकत्त्याला थॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखाली उभे राहिले ते त्याच धर्तीवर. ते आजही आहे, त्याचे मध्य विभागाचे कार्यालय नागपूरला आहे, आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून त्यात भूवैज्ञानिक घेतले जातात. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. विहिरीला पाणी कोठे लागेल हे शोधणे तिचे काम. कोळसा, मँगनीज, तेल, धरणे, बोगदे, सगळीकडे दगड वाचणारा माणूस लागतो. हे मी येथे मुद्दाम लिहितो. भूवैज्ञानिकाच्या परीक्षेला भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, आणि तिची वाट अकरावीच्या विज्ञान शाखेतून जाते. ज्यांच्या घरात कॉलेज पाहिलेले कोणी नसते त्यांना हे कळते तेव्हा बारावी कला शाखेतून होऊन गेलेली असते. दहावीपर्यंतच्या आमच्या शाळेत खडकांचे तीन प्रकार पाठ करून घेतले. एकही खडक हातात दिला नाही.

आणि त्यासाठी काही प्रयोगशाळा लागत नाही. मेरी दगडातली हाडे हातोडी आणि सुई घेऊन मोकळी करी. अलीकडे संग्रहालयांत काही चुनखडीचे जीवाश्म सौम्य आम्लात ठेवतात. चुना विरघळतो आणि हाडे उरतात. ते आम्ल म्हणजे मूळात आपले व्हिनेगरच. आमच्या घरी व्हिनेगर नव्हते, लिंबू होते. भावाने शिंपीच्या चुऱ्यावर, अंड्याच्या टरफलावर आणि विहिरीतून निघालेल्या पांढऱ्या स्फटिकांवर लिंबू पिळले. शिंपीवर आणि टरफलावर बुडबुडे आले. स्फटिकांपैकी काही फसफसले, काही ढिम्म राहिले. फसफसणाऱ्यांवर खिळ्याने ओरखडा उठला. ढिम्म गारगोटीवर खिळाच घासून निघाला. पहिले कॅल्साइट, दुसरे क्वार्ट्झ. शाळेच्या खडूवरही त्याने लिंबू पिळून पाहिले आणि बुडबुडे आले नाहीत म्हणून तो हिरमुसला. खडू बहुधा जिप्समचा असतो, चुनखडीचा नव्हे, हे मला त्याच्यामुळे शोधावे लागले. आता तो वडिलांबरोबर विहिरीवर जातो आणि प्रत्येक थराचा एक तुकडा घेऊन येतो. कागदाच्या चिठ्ठीवर खोली लिहून ठेवतो. वडील ती खोली त्याला हातांत सांगतात आणि तो ती फुटांत करतो.

मेरीची शेवटची वर्षे कष्टाची गेली. १८३५ साली गुंतवणुकीत तिची ३०० पौंडांची पुंजी बुडाली. बकलंड यांनी खटपट करून तिला सालीना २५ पौंड मिळतील अशी व्यवस्था केली. सरकारदरबारी तिच्या कामाची दखल घेतली गेली ती अशी, म्हातारपणाच्या आधी मिळालेल्या निवृत्तिवेतनाच्या रूपाने. लुई अगासी यांनी दोन अश्मीभूत माशांना तिचे नाव दिले. १८४४ साली सॅक्सनीचा राजा तिच्या दुकानात आला आणि १५ पौंडांना एक लहान इक्थिओसॉरस घेऊन गेला. राजाच्या वैद्याने पत्ता लिहून मागितला तेव्हा तिने त्याच्या वहीत नाव लिहिले आणि आपण सगळ्या युरोपात ठाऊक आहोत असे त्याला सांगितले. हे गर्वाचे म्हणता येईल. पण निबंधात जिचे नाव कोणी लिहीत नाही तिने ते दुसऱ्याच्या वहीत स्वतः लिहिले तर तिला नावे ठेवायला माझे मन धजत नाही.

तिला छातीचा कर्करोग झाला होता. वेदना शमवण्यासाठी ती अफूचे औषध घेई, आणि तिचे हेलकावणारे चालणे पाहून गावात तिच्या दारूची कुजबुज होई. ९ मार्च १८४७ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी ती वारली. तेव्हा जिऑलॉजिकल सोसायटीचा अध्यक्ष होता हेन्री दे ला बेश. त्याने वार्षिक भाषणात तिच्यावर मृत्युलेख वाचला. ज्या संस्थेत स्त्रीला बसायला जागा नव्हती तेथे एका सुताराच्या मुलीचे गुणगान झाले. सोसायटीच्या सदस्यांनी वर्गणी काढून लाइमच्या चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली. स्त्रियांना त्या सोसायटीचे सदस्यत्व मिळाले ते १९१९ साली.

लाइममध्ये तिचा पुतळा मात्र नव्हता. गावातल्या नव्हे, पण त्याच परगण्यातल्या एका शाळकरी मुलीला हे खटकले. तिने आईबरोबर मोहीम उघडली, लोकांकडून पैसे गोळा केले, आणि २१ मे २०२२ रोजी, मेरीच्या जन्मदिवशी, तो उभा राहिला: हातात हातोडी, कडेला टोपली, पायांशी ट्रे, आणि तोंड कड्यांच्या दिशेने. चर्चच्या आवारात मेरी आणि जोसेफ यांची एकत्र कबर आहे. भेटीला येणारी मुले त्या दगडावर किनाऱ्यावर सापडलेले शिंपले आणि अ‍ॅमोनाइटचे तुकडे ठेवून जातात.